सूर ठेवताना

तो आवाज इतका बारीक असतो की कान टवकारून बसलं तर निसटतो, आणि नुसतं बसून राहिलं तर आपणहून जवळ येतो. सूर विरत विरत ऐकण्याच्या काठापर्यंत गेलेला असतो, तो खोलीत उरलाय की आपल्याच मनात घुमतोय हे कळेनासं झालेलं असतं, आणि त्या वेळी वाजवणाऱ्याचं बोट पट्टीवरून उठतं. आत, लाकडाच्या पोटात, हलकीशी टिक् होते. घरातली सगळी झोपल्यावर शेवटी जागं असलेलं माणूस दाराची कडी जितक्या जपून लावतं, तेवढीच ती टिक्.

हार्पसिकॉर्डचा सूर मला आवडतोच. पण खरं सांगायचं तर मी त्या टिक्‌साठी थांबते.

२०१२च्या शरदात नोकरीच्या निमित्तानं मी ॲमस्टरडॅमला राहायला गेले. नोव्हेंबर लागला आणि साडेचारच्या सुमारास खिडक्यांतून दिवे दिसू लागले. तिथली माणसं पडदे फारसे ओढत नाहीत. कालव्याच्या कडेनं चालताना पिवळ्या उजेडातली पुस्तकांची कपाटं, टेबलावरचं भांडं, वाचत बसलेलं एखादं म्हातारं माणूस असं सगळं आपल्यापुढे मांडून ठेवल्यासारखं दिसत राहतं, आणि परक्या गावातल्या माणसाला त्या उजेडाची ऊब वाटते तशी हुरहुरही लागते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक वयस्कर बाई राहायच्या. त्यांच्या खोलीत खिडकीला समांतर एक लांबट, हिरवट रंगाचं वाद्य होतं. मी येता-जाता त्याच्याकडे बघते, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. एका संध्याकाळी त्यांनी मला आत बोलावलं.

त्या वाद्य लावत होत्या. एका हातात किल्ली, दुसऱ्या हाताचं बोट पट्टीवर, मान किंचित कललेली. मी मिरजेची. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढणारी माणसं बघत मोठी झालेली. तीच कललेली मान, समोरच्या माणसाला बघूनही न बघणारे तेच डोळे. कुणी न सांगता मी दाराशीच थांबले. स्वर जुळेपर्यंत बोलायचं नसतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

मग त्यांनी मला एकच पट्टी दाबायला सांगितली. मी पेटीवर दाबावी तशी दाबली. त्या हसल्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, मारू नकोस. तार बोटाला लागेपर्यंत जा, तिथे क्षणभर थांब, मग पुढे. मी हळूहळू बोट खाली नेलं आणि खरंच, अर्ध्या वाटेत काहीतरी आडवं आलं. पट्टीच्या दुसऱ्या टोकावर एक चपटी लाकडी काडी उभी असते, काडीच्या डोक्याशी इवलीशी जीभ, आणि त्या जिभेत खोवलेली पिसाच्या देठाची नखी. पूर्वी कावळ्याच्या पिसाचे देठ तासून ही नखी करत. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची असते. ती नखी खालून तारेला टेकली होती. एवढ्या लांबून, एवढ्या लाकडाआडून, तार माझ्या बोटाला कळत होती. मी आणखी केसभर पुढे गेले, आणि तार छेडली गेली.

सूर उमटला, खोलीभर झाला, आणि उमटल्या क्षणापासून विरू लागला. बोट दाबून ठेवलं तरी त्याला थोपवता येईना. शेवटी मी बोट उचललं. काडी खाली आली, जीभ मागे झुकली, नखी तारेला अगदी ओझरती चाटून गेली आणि बनातीचा तुकडा तारेवर टेकला. टिक्.

माझ्या डोळ्यांत पाणी का आलं, हे त्या बाईंना सांगायला माझ्याकडे भाषा नव्हती.

माझे आजोबा ऑर्गन वाजवायचे. चर्चमधला नव्हे, आपल्या संगीत नाटकांतला, पायानं भाता मारायचा. हौशी मंडळींच्या नाटकाला ते साथ करत. आमच्या घरात पुढच्या सोप्यात तो ऑर्गन असे, आणि संध्याकाळी त्यांच्या पायांची एकसारखी कुरकुर सुरू झाली की आजी देवापाशी दिवा लावी. मला त्यांनी वाजवायला शिकवलं नाही, म्हणजे मीच शिकले नाही. पण एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. मी पट्टी दाबायची आणि कंटाळा आला की बोट झटकून काढायची. ते म्हणत, ‘‘बाळ, सूर टाकू नये. ठेवावा. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतात ना, तसा.’’

आपण सूर लावण्याबद्दल केवढं बोलतो. षड्ज लागला, गंधार लागला, काय सूर लावलाय. त्या लागलेल्या सुराचं पुढे काय होतं, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. आपल्या संगीतात जिथे स्वरांची ओळ विसावते त्या स्वराला न्यास म्हणतात, आणि न्यास म्हणजे ठेवणंच. कुणाच्या तरी हवाली केलेल्या ठेवीलाही तोच शब्द आहे. आजोबांना हा शब्दार्थ ठाऊक होता की नाही कोण जाणे. त्यांच्या बोटांना ठाऊक होता.

त्या संध्याकाळी बाईंनी मला ज्या हार्पसिकॉर्डवादकाचं नाव सांगितलं, ते गुस्ताव लेओनहार्ट. त्याच वर्षी, १६ जानेवारीला, याच शहरात ते वारले होते. मी आठ-नऊ महिन्यांनी उशिरा पोहोचले होते. त्यांना प्रत्यक्ष ऐकणं माझ्या नशिबी नव्हतं. त्यांनी ठेवलेलं तेवढं ऐकणं होतं.

नंतरच्या हिवाळ्यात मी त्यांच्यामागे मागे हिंडले. हेरेनग्राख्तच्या वळणावर सतराव्या शतकातलं बार्तोलोत्ती नावाचं घर आहे, विटांचं, वरच्या कठड्यावर पांढऱ्या दगडाची नक्षी. ते तिथे राहत. त्या घराच्या खिडक्यांखालून मी कितीदा उगाच गेले असेन. कालव्याच्या पाण्यावरचा उजेड उलटा वर छताकडे जातो, दुपारी तिथल्या घरांच्या छतांवर पाणी हलताना दिसतं; हात पट्ट्यांवर असताना त्यांच्या डोक्यावरही ते हलत असेल, असं मनात यायचं. बस, एवढंच.

त्यांचा जन्म १९२८चा, हिल्वरसमजवळच्या एका गावातला. विसाव्या वर्षाच्या आसपास ते स्वित्झर्लंडमध्ये बासलला गेले आणि तिथे ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड दोन्ही शिकले. तेव्हा हार्पसिकॉर्ड म्हणजे जवळजवळ विसरलेलं वाद्य. पियानो आला, आणि अठरावं शतक संपता संपता याचे दिवस संपले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वांदा लांदोव्स्का यांनी त्याला पुन्हा मैफलीत आणलं खरं, पण त्यांचं वाद्य नव्या काळाचं होतं, पियानोसारख्या भक्कम बांध्याचं, मोठ्या सभागृहांना पुरणारं. लेओनहार्टना जुनाच आवाज हवा होता. तो कसा होता हे सांगणारं माणूस मात्र कुणी जिवंत नव्हतं. गुरूच नव्हता. आपल्याकडे गळ्यातून गळ्यात येतं. इथे मध्ये दीडशे वर्षांची शांतता पडलेली. मग ते व्हिएन्नाच्या ग्रंथालयात जाऊन बसले आणि जुन्या चोपड्या हातानं उतरवत राहिले. एकेक पान. मला ते चित्र फार जवळचं वाटतं. एखाद्या घराण्याचा शेवटचा गवई गेल्यावर त्याच्या वह्या घेऊन बसलेलं, ओळखीचंही नसलेलं एक पोर.

१९५०मध्ये व्हिएन्नात त्यांनी पहिली जाहीर मैफल केली आणि तिच्यात बाखचं ‘आर्ट ऑफ फ्यूग’ वाजवलं, हार्पसिकॉर्डवर. ही रचना कुठल्या वाद्यासाठी आहे हे बाखनं लिहून ठेवलेलं नाही. कित्येकांना तर ती वाजवायची नसून वाचायचीच वाटे. लेओनहार्ट म्हणाले, ही हार्पसिकॉर्डचीच आहे, आणि दोन वर्षांनी त्यावर एक छोटं पुस्तक लिहून तसं मांडलं. १९५४पासून ते ॲमस्टरडॅमला शिकवू लागले. ब्रेमेनचे कारागीर मार्टिन स्कोव्रोनेक यांनी जुन्या वाद्यांची मापं, लाकडं, तारा पारखून त्यांच्यासाठी हार्पसिकॉर्ड घडवलं. १९६२चं ते वाद्य अँटवर्पच्या डुल्केन नावाच्या कारागिरानं १७४५मध्ये केलेल्या वाद्यावरून घेतलेलं. त्याचं ध्वनिमुद्रण ऐकताना मला गल्लीतली ती माणसं आठवतात. घोडीच्या हाडावर कानस फिरवायची, तार वाजवायची, पुन्हा फिरवायची. आवाज लाकडात आधीपासून असतो, आपण फक्त वाट करून द्यायची, असा त्या हातांचा भाव.

पण मला त्यांच्या आयुष्यात सर्वात जास्त कशानं धरून ठेवलं असेल, तर त्या दोन वाद्यांनी.

दर रविवारी ते ऑर्गन वाजवत. ॲमस्टरडॅमच्या जुन्या वस्तीत, एका दगडी कमानीतून आत गेलं की लहानसा चौक लागतो, तिथे वालसे केर्क आहे. मुळात मठाचं प्रार्थनाघर; सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते परागंदा होऊन आलेल्या फ्रेंचभाषक प्रॉटेस्टंटांना दिलं गेलं. तिथला ऑर्गन क्रिस्टियान म्युलर यांनी १७३४मध्ये बांधलेला आहे, म्हणजे बाख हयात असतानाचा. लेओनहार्ट वर्षानुवर्षं इथले ऑर्गनवादक होते, पुढे शहरातल्या निउवे केर्कमध्ये गेले. सोमवार उजाडला की पुन्हा घरी हार्पसिकॉर्ड.

ही दोन वाद्यं दिसायला सख्ख्या बहिणी, पट्ट्या सारख्याच. नशीब मात्र उलटं. ऑर्गनच्या नळीत वारा शिरला की सूर उभा राहतो आणि बोट आहे तोवर जसाच्या तसा उभा राहतो, ना वाढतो ना थकतो. बोटानं उठायचं ठरवलं नाही तर त्याला मरण नाही. हार्पसिकॉर्डचा सूर जन्मतो तो जायलाच निघालेला. एक हात न संपणाऱ्या सुरावर, एक हात संपत चाललेल्या सुरावर, असं या माणसानं साठ वर्षं काढली. आणि दोन्ही वाद्यांत एक गोष्ट सारखी: पट्टी जोरानं दाबा की हळू, आवाज तेवढाच. पियानोवर बोटाच्या जोरात माया ओतता येते, राग ओतता येतो. इथे त्या वाटा बंद. मग वाजवणाऱ्याच्या हाती उरतं काय?

उरतो वेळ. केव्हा लावायचा, आणि केव्हा ठेवायचा.

लेओनहार्टचं वाजवणं नीट ऐकलं की हे हळूहळू उलगडतं. एखादा सूर मोठा, महत्त्वाचा वाटतो. पण तो मोठा वाजलेला नसतो. त्याच्या आधीचा सूर त्यांनी थोडा लवकर ठेवलेला असतो. मध्ये सुईच्या अग्राएवढी शांतता सोडलेली असते, आणि त्या शांततेपलीकडे, अपेक्षेपेक्षा पापणीभर उशिरा, तो सूर येतो. आपला कान त्याला मोठेपणा देतो. चांगला कीर्तनकार नेमक्या शब्दाआधी थांबतो, मंडपातली कुजबुज थांबते, आणि मग तो शब्द हळूच उच्चारला तरी मागच्या खांबापर्यंत पोहोचतो, तसं. कधी ते उलटंही करतात. एक सूर ठेवायच्या आधी पुढचा लावतात, दोन सूर क्षणभर एकमेकांत मिसळतात, आणि त्या कोरड्या लाकडी वाद्यातून गळ्यासारखी ओल येते.

हे सगळं करताना त्यांचं शरीर हलत नसे. १९६८च्या एका कृष्णधवल चित्रपटात ते दिसतात. जाँ-मारी स्त्रोब आणि दानियेल ह्युइए यांनी तो केला, ‘ॲना माग्दालेना बाखची बखर’. त्यात लेओनहार्ट बाख झाले आहेत. चित्रातला बाख भरल्या अंगाचा, हे सडसडीत. डोक्यावर तेवढा तो केसांचा टोप. संगीत मागून जोडलेलं नाही, कॅमेऱ्यासमोर वाजवलं तेच आपण ऐकतो. ते बाखचा आव आणत नाहीत. बसतात आणि वाजवतात. मी तो चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघणं थोड्या वेळानं आपोआप थांबलं. हातांकडे बघू लागले, तेही बोटं खाली जाताना नव्हे, वर येताना. ती किती सावकाश, किती जवळून उठत होती. पाळण्यातून हात काढून घेताना आई जशी एकेक बोट सोडवते.

पुढे वृंदसंचालक निकोलाउस हार्नोनकूर यांच्याबरोबर त्यांनी बाखनं चर्चसाठी लिहिलेल्या दोनशेच्या आसपास कँटाटा ध्वनिमुद्रित केल्या. १९७१मध्ये पहिल्या तबकड्या आल्या आणि १९९०मध्ये काम पुरं झालं. जुनी वाद्यं, वरच्या पट्टीला मुलग्यांचे आवाज. १९८०चा इरॅस्मस पुरस्कार दोघांना मिळून दिला गेला. टॉन कूपमन, क्रिस्टोफर हॉगवुड, बॉब फान आस्पेरेन, पिएर आंताई असे कितीक त्यांच्याकडे शिकून गेले. दीडशे वर्षांच्या शांततेपलीकडून त्यांनी जे उचलून आणलं होतं, ते असं एकेकाच्या हवाली केलं. न्यास. हा शब्द मला त्यांच्यासाठीच वापरावासा वाटतो.

पण माझ्याजवळ ते राहतात ते एका छोट्या रचनेतून. फ्रोबेर्गर नावाचा सतराव्या शतकातला ऑर्गन आणि हार्पसिकॉर्ड वाजवणारा. त्याचा पॅरिसमधला मित्र ब्लांक्रोशे ल्यूट वाजवायचा. १६५२च्या नोव्हेंबरमध्ये ब्लांक्रोशे जिन्यावरून पडला आणि गेला. फ्रोबेर्गर तेव्हा तिथेच होता. त्यानं मित्रासाठी एक शोकरचना लिहिली आणि सूचना दिली, की ही कुठल्याही मात्रेत न बांधता, आपल्या मनानं वाजवावी. ठेक्याविना, आलापासारखी. शेवटी सूर एकामागून एक खाली येतात, वरून पार तळापर्यंत, एकेक पायरी. जिन्यावरून पडणं आहे ते. आणि लिहिणाऱ्यानं ते डोळ्यांनी पाहिलेलं.

बाईंनी त्या संध्याकाळी मला हीच रचना वाजवून दाखवली, आणि मग लेओनहार्टनी वाजवलेली लावली. काहीही स्पष्ट न करता. आजोबा गेले तेव्हा मी परदेशी होते. फोन आला, मी हो हो म्हटलं, आणि फोन ठेवला. त्या महिन्यात विमान मिळणं, रजा मिळणं, यातलं काही जमलं नाही. जे माणूस आपण हातांनी पोहोचवलेलं नसतं ते जातच नाही. ते धरलेल्या पट्टीसारखं वाजत राहतं. ध्वनिमुद्रणात तो उतरता जिना सुरू झाला. मी श्वास धरला. शेवटचा सूर तळाशी पोहोचला, लेओनहार्ट तिथे थांबले, किती तरी वेळ थांबले, तार थकत थकत खोलीच्या काळोखात मिसळली, आणि मग ऐकू आली ती. टिक्. बाई उठून चहा करायला गेल्या. चांगल्या बाई होत्या.

१२ डिसेंबर २०११ला पॅरिसमध्ये लेओनहार्टनी शेवटची जाहीर मैफल केली. मग प्रकृतीमुळे पुढचे सगळे कार्यक्रम रद्द केले. त्या मैफलीनंतर पाच आठवड्यांनी ते गेले. वय त्र्याऐंशी. एवढी वर्षं सूर ठेवायची सवय असलेल्या माणसानं स्वतःचा सूरही तसाच ठेवला, असं मला वाटतं, आणि असं वाटण्यात मला आधार आहे.

आजोबांची एक आठवण सांगायची राहिली. गणपतीचे दिवस, पाऊस लागलेला, आमच्या पेठेतल्या मंडपात सौभद्राचा प्रयोग. मी विंगेत, आमच्या ऑर्गनच्या बाजूला पाटावर बसलेली. पद सुरू झालं आणि पावसानं फुगलेली एक पांढरी पट्टी दाबली ती वर येईना. सूर सुटेना, पदात तो चालणारा नव्हता, आणि भाता थांबवावा तर सगळंच थांबणार. आजोबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. डाव्या हाताचं नख त्या पट्टीच्या कडेखाली घातलं आणि ती वर उचलून धरली. उरलेलं सगळं पद त्यांनी एकट्या उजव्या हातानं वाजवलं. डावा हात काहीच वाजवत नव्हता. तो फक्त एक सूर ठेवून होता. गाणाऱ्याला कळलं नाही, मंडपातल्या कुणाला कळलं नाही. टाळ्या पडल्या. परत येताना पावसात ते एवढंच म्हणाले, ‘‘आज डाव्या हाताला जास्त काम पडलं.’’

गेल्या आषाढात मी मिरजेला घरी होते. सोप्यात ऑर्गन तसाच आहे, वर आजीनं विणलेलं आच्छादन. बाहेर पाऊस. मी झाकण उघडलं, भात्यावर पाय ठेवले. पायांना ती कुरकुर ओळखीची वाटली. मला वाजवता येत नाही, म्हणून एकच पट्टी दाबली, तीच. सूर उभा राहिला. बोट उचललं, तरी तो तसाच उभा. इतक्या वर्षांनीही ती पट्टी पावसात फुगते.

मी पाय थांबवले नाहीत. डाव्या हाताचं नख तिच्या कडेखाली घातलं. लाकूड तिथे थोडं झिजलं आहे, बोटाला खाच लागते. हळूच वर उचललं, आणि सूर ठेवला.

पाय भाता मारत राहिले. पाऊस तेवढा ऐकू येत होता.